बयाणा आधी, कोर्स नंतर

प्लेसमेंट सीझन आला की हॉस्टेलचा नूरच बदलतो. एरवी दुपारी बारापर्यंत लोळणारे वीर सकाळी सातला फॉर्मल घालून, कुणाचा तरी टाय उसना घेऊन ऑडिटोरियमसमोर हजर! मेसमध्ये विषय एकच : पॅकेज किती? पण मित्रांनो, ऑफर लेटर मिळालेल्यांपैकी कितीजणांनी सॅलरी स्लिपची वजाबाकीची बाजू वाचली आहे? तिथे 'पीटी' असं लिहून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले असतात. (२०२३ पासून २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ आहे. मुलांनो, जळू नका.) आपल्या सर-मॅडमना तर हा आकडा पाठच असेल.

हा प्रोफेशन टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर, महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून गावात काम मागणाऱ्याला काम द्यायचं, अशी सरळ कल्पना. म्हणजे आपल्यातला कुणीही नोकरीला लागला की बेरोजगारीच्या प्रश्नात त्याची वर्गणी आपोआप सुरू! आता वर्गणी देणाऱ्याला हिशेब विचारायचा हक्क असतो की नाही? गणेशोत्सवात आपण विचारतोच ना? मग इथेही विचारू या. गेल्या काही वर्षांत तरुणांच्या रोजगारासाठी केंद्राच्या, राज्याच्या कितीतरी योजना आल्या. त्या आखल्या कशा जातात, चालवतं कोण आणि त्यांचा हिशेब कुणापुढे होतो? हे तपासायला मी एकच कोपरा निवडला आहे : जव्हार आणि मोखाडा.

आधी थोडा भूगोल

जव्हार-मोखाडा मुंबईपासून दीडशेएक किलोमीटरवर. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यात हे दोन डोंगराळ तालुके आले. इथे दहातले नऊ जण आदिवासी : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. रेल्वे दोन्ही तालुक्यांत नाही. पाऊस बदाबदा पडतो, पण उतारावरून वाहून जातो, आणि उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरची वाट बघतात. गंमत म्हणजे मुंबईला पाणी पुरवणारं मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात, कोचाळे गावाजवळ आहे. चांगलं शंभर मीटरपेक्षा उंच! आपण हॉस्टेलवर नळ उघडा ठेवून दाढी करतो, कपडे भिजवतो, तेव्हा हे लक्षात असू द्या.

पण या लेखासाठी भूगोलापेक्षा महत्त्वाचं आहे ते तिथलं कॅलेंडर. आपलं वर्ष सेमिस्टरमध्ये विभागलेलं असतं, तिथलं वर्ष पाऊस आणि भट्टी यांत. जून ते ऑक्टोबर शेती : भात, नागली, वरई. आवणीच्या दिवसांत सगळा पाडा चिखलात उभा. दिवाळीच्या सुमारास पीक घरात येतं आणि मग कुटुंबंच्या कुटुंबं उतरणीला लागतात. भिवंडी, वसई, कल्याण, शहापूर या भागातल्या वीटभट्ट्या, रेतीची कामं, बिल्डिंगच्या साइट्स. मध्ये शिमग्याला चार दिवस गावी, की पुन्हा भट्टी. पावसाच्या तोंडावर परत घरी. आमच्या कॉन्व्हेंटच्या जिऑग्रफीत याला 'सीझनल मायग्रेशन' म्हणायचे आणि ते दोन मार्कांना यायचं. त्या दोन मार्कांच्या उत्तरात एक शब्द मात्र नव्हता : बयाणा.

बयाणा म्हणजे आगाऊ रक्कम. पावसाळ्याच्या मधल्या महिन्यांत घरातलं धान्य संपलेलं असतं आणि नवं पीक अजून शेतात हिरवं असतं. दवाखाना, लग्न, सणवार याच काळात पैसे मागतात. तेव्हा भट्टीमालक किंवा त्याचा मुकादम येतो आणि पैसे देतो. दिवाळीनंतर त्या पैशांची फेड विटा पाडून करायची. मजुरी हजार विटांमागे ठरलेली, आठवड्याला हातात फक्त खर्ची, आणि खरा हिशेब सीझन संपल्यावर. हिशेबात बयाणा फिटला नाही की बाकी पुढच्या वर्षावर. अशा उचलीपोटी माणूस काम सोडून जाऊ शकत नसेल तर १९७६ च्या कायद्यानुसार ती वेठबिगारी आहे आणि वेठबिगारी हा गुन्हा आहे. १९८० च्या दशकापासून श्रमजीवी संघटनेने याच जुन्या ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांना सोडवण्यासाठी लढे दिले. म्हणजे हा काही नवा शोध नाही, सरकारदरबारी सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे.

मला सांगायचंय ते एवढंच : अठरा-वीस वर्षांच्या मुलाचं दिवाळी ते पावसाळा हे अख्खं अर्धं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच विकलं गेलेलं असतं. आणि आपल्या योजना त्याला शोधत येतात त्यानंतर.

बेकार कोण, हे आधी ठरवा

सरकारच्या पीएलएफएस नावाच्या सर्व्हेनुसार २०२३-२४ मध्ये देशात १५ ते २९ वयोगटाचा बेरोजगारीचा दर १०.२ टक्के होता. या आकड्यावर टीव्हीवर भरपूर भांडणं झाली. पण आकडा निघतो कसा ते बघा. या मोजणीची जी पद्धत बातम्यांत सर्वात जास्त येते, तिच्यात वर्षभरात ३० दिवस किंवा त्याहून जास्त काम केलेला माणूसही 'रोजगार असलेला' धरला जातो. म्हणजे भट्टीवर बयाणा फेडणारा मुलगा बेकार नाही! तो एम्प्लॉईड. आणि डी.एड. किंवा बी.ए. करून भरतीची जाहिरात शोधत, जव्हारच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरत बसलेली त्याची बहीण बेकार.

दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. एकाला काम आहे पण सुटका नाही, दुसरीला शिक्षण आहे पण काम नाही. डॉक्टरने ताप आणि फ्रॅक्चर दोन्हीला एकच गोळी द्यावी तसं आपलं चाललंय. दोघांनाही एकच औषध : तीन महिन्यांचा कोर्स.

एनएसएसच्या कॅम्पला जव्हारजवळच्या एका पाड्यावर माझ्याच वयाचा एक मुलगा भेटला होता. त्याने पत्र्याच्या पेटीतून पॉलिथिनच्या पिशवीत जपून ठेवलेली दोन सर्टिफिकेटं दाखवली. एक कॉम्प्युटरचं, एक मोबाइल रिपेअरिंगचं. लॅमिनेशन केलेली, फोटोसकट. "मॅडम, ही दाखवून कुठे काय मिळतं?" असं त्याने विचारलं. त्याच्या पाड्यावर तेव्हा मोबाइलला रेंज यायला टेकडीवर चढावं लागत होतं. आता मोबाइल रिपेअर करायचा कुणाचा? कोर्स वाईट नव्हता, मुलगाही हुशार होता. पण या पाड्यासाठी हा कोर्स कुणी, का निवडला, हे विचारायला त्याच्याकडे ना ऑफिसचं नाव होतं ना कुणाचा नंबर. दोन दिवसांनी तो भट्टीवर गेला.

पागेंची साधी आयडिया

थोडं मागे जाऊ या. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली त्यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला एक प्रयोग झाला : ज्याला अंगमेहनतीचं काम हवं त्याला ते द्यायचं. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ साली देशाने मनरेगाचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होताच.

या योजनेत भ्रष्टाचार झाला नाही असं कुणीच म्हणणार नाही. खोटी हजेरीपत्रकं, कागदावरचे रस्ते, दोन-दोन महिने थकलेली मजुरी हे सगळं झालं. पण डिझाइन म्हणून बघाल तर त्यात एक जबरदस्त गोष्ट होती. सुरुवात खालून व्हायची. माणूस अर्ज करणार, 'नमुना ४' भरणार, तारखेची पोच घेणार. त्या तारखेपासून सरकारचं घड्याळ सुरू. मनरेगाच्या कायद्यात १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता, मजुरीला उशीर झाला तर भरपाई, आणि सगळ्या कामाचं सोशल ऑडिट ग्रामसभेत, असं लिहून ठेवलेलं होतं. भत्ता फार थोड्यांना मिळाला हे खरं आहे. पण निदान मागायला कलम होतं, आणि खोटं हजेरीपत्रक पकडता आलं कारण मुळात हजेरीपत्रक होतं!

आपल्या भाषेत सांगायचं तर ही क्लोज्ड लूप सिस्टीम होती. सेन्सर खराब होता, डिले भरपूर होता, पण फीडबॅकची वायर जोडलेली होती.

टार्गेट वरून येतं

आता कौशल्य योजना बघा. २०१४ ला ग्रामीण तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आली, २०१५ ला प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. हेतू चांगलाच आहे. पण इथे सुरुवात वरून होते. दिल्लीत टार्गेट ठरतं, मग मुंबई, मग जिल्हा. ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेला बॅच भरायची असते. बॅच भरण्यासाठी गाडी पाड्यावर येते. कोर्स तोच असतो ज्याची मशीन संस्थेकडे आहे आणि ज्याचा ट्रेनर मिळाला आहे. गाव काय मागतंय हा कॉलमच फॉर्मवर नाही.

आणि मोजतात काय? किती शिकले, किती पास झाले, किती 'प्लेस्ड'. दीनदयाळ योजनेच्या नियमांत तीन महिने नोकरी टिकली की तो प्लेस्ड धरला जायचा. पुण्याजवळच्या एखाद्या कारखान्यात किंवा मुंबईच्या मॉलमध्ये तीन महिने काढून, खोलीभाडं आणि खाणावळ जाऊन हातात काही उरत नाही म्हणून चौथ्या महिन्यात परत आलेला मुलगा कागदावर कायमचा यशस्वी! आपल्याला हे नवीन नाही. कुठल्याही कॉलेजचं ब्रोशर उघडा. 'शंभर टक्के प्लेसमेंट'मधले शंभर कशातले शंभर, हे हॉस्टेलवर सगळ्यांना माहीत असतं.

कॅगने प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेची तपासणी केली, तो अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत आला. त्यातलं एकच निरीक्षण सांगते. तपासलेल्या टप्प्यांतल्या ९४ टक्क्यांहून जास्त उमेदवारांच्या नोंदीत बँक खात्याचा रकाना रिकामा होता किंवा त्यात शून्य वगैरे काहीतरी भरलेलं होतं. सर्टिफिकेट मिळालेल्यांपैकी नोकरी लागल्याची नोंद होती साधारण ४१ टक्क्यांची. ज्याच्या खात्यात पैसे पोचवायचे त्याचं खातंच माहीत नसेल तर सहा महिन्यांनी त्याला फोन करून "बाबा रे, काय चाललंय?" असं कोण विचारणार? ही ओपन लूप सिस्टीम. इनपुट दिला, आउटपुटकडे पाठ फिरवली. कंट्रोल सिस्टीमच्या व्हायवाला असं उत्तर दिलं तर सर बाहेर काढतील.

पैशांचं गणितही बघा. महाराष्ट्रात आयटीआयच्या गरीब विद्यार्थ्याला मिळणारं विद्यावेतन वर्षानुवर्षं महिन्याला ४० रुपये होतं. चाळीस रुपये! आपल्या कॅन्टीनमध्ये एवढ्यात दोन वडापावही येत नाहीत. २०२३ मध्ये ते ५०० करण्याचा निर्णय झाला. जव्हारला सरकारी आयटीआय आहे, ट्रेड चांगले आहेत. पण समोर मुकादम एकरकमी बयाणा घेऊन उभा असताना ५०० रुपयांवर कोण वर्षभर टिकेल? मुलगा आळशी नसतो, त्याने केलेला हिशेब बरोबर असतो. चूक आपल्या योजनेच्या हिशेबात आहे.

२०२४ ला राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. इथे विद्यावेतन बरं होतं : बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधराला १० हजार. मुदत सहा महिने, नंतर २०२५ मध्ये ती ११ महिने झाली. पण ११ महिन्यांनंतर काय? हा प्रश्न घेऊन हे प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. पहिल्याच दिवशी 'पुढे काय' याचं उत्तर नसलेली योजना शेवटच्या दिवशी मोर्चा तयार करते, एवढं समजायला मॅनेजमेंटची डिग्री लागत नाही.

शिकलेल्यांची दुसरी रांग

शिकलेल्या मुलांचं दुःख वेगळं आहे. जव्हार-मोखाडा हे पाचव्या अनुसूचीतलं, पेसा कायद्याखालचं क्षेत्र. इथली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्य सेवक, वनरक्षक अशी १७ संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची, असं राज्यपालांच्या अधिसूचनेने ठरलं होतं. ते कोर्टात अडकलं. मुलं परीक्षा पास झाली आणि नेमणुकीशिवाय बसून राहिली. ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि इतर आदिवासी आमदारांनी मंत्रालयाच्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. त्यांच्या मागण्यांत ही भरतीही होती. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला, मीम्सही फॉरवर्ड केली. पण उपाध्यक्षालाच जाळीवर उडी मारावी लागत असेल तर पाड्यावरच्या मुलाने तक्रार कुठे करायची, हा विचार फार कमी लोकांनी केला. त्याच सुमारास सरकारने मानधनावर तात्पुरत्या नेमणुकांची वाट काढली. म्हणजे पुन्हा 'तात्पुरतं'.

आणि शेवटी सर्वात ताजी गोष्ट. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले, हे चांगलंच. पण खर्चात राज्याचा वाटा साधारण ४० टक्के झाला, शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं थांबवायची तरतूद आली, आणि राज्याला किती निधी द्यायचा याची मर्यादा केंद्र आधीच ठरवणार, त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा. म्हणजे जी एकच योजना खालून वर जात होती तिलाही वरून झाकण बसलं! जव्हारच्या कॅलेंडरवर हे ६० दिवस कुठे पडतात त्यावर बरंच ठरेल. ते नेमके बयाण्याच्या महिन्यांत पडले तर मुकादमाचं काम सोपं होईल.

मग करायचं काय?

नुसती टीका करून लेख संपवला तर संपादक म्हणतील, "इंजिनिअर आहेस ना, मग सोल्यूशन दे." माझं सोल्यूशन काही फार ग्रेट नाही. रोजगार हमीत जे चांगलं होतं ते तरुणांच्या योजनेत आणा, बस्स!

पहिलं, मागणी खालून घ्या, आणि जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. मुकादम यायच्या आधी. ग्रामसभेत प्रत्येक तरुणाचा साधा अर्ज : मला काय शिकायचंय, कुठे काम करायचंय, गावात की बाहेर. तारखेची पोच द्या. ठरलेल्या दिवसांत उत्तर मिळालं नाही तर भत्ता, आणि तो आपोआप खात्यात.

दुसरं, पहिला हप्ता आगाऊ द्या. बयाण्याशी स्पर्धा करायची तर भाषणाने होणार नाही, पैशानेच होईल. सहा महिन्यांच्या विद्यावेतनातले दोन महिने ऑगस्टमध्ये दिले तर घरातली चूल पेटेल आणि मुलगा बांधला जाणार नाही. २०२५-२६ ला महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. निदान तेवढं तरी शिकणाऱ्याला मिळावं. शिकणं हेही कामच आहे, हे आपल्याला सबमिशनच्या आठवड्यात चांगलं कळतं!

तिसरं, गावात पडून असलेलं काम मोजा. हे काम आपल्यासारख्यांना दिसतं. गावोगावी नळयोजना झाल्या, पण पंप जळाला की दुरुस्तीला माणूस तालुक्याहून यायचा. सोलर पॅनलवर धूळ, बॅटरी मेलेली. आश्रमशाळांचं वायरिंग, आरोग्य केंद्रातले फ्रीज, बंधाऱ्यांची गळती. ही सगळी मेंटेनन्सची कामं आहेत आणि मेंटेनन्स कधी संपत नाही. पाच-सहा गावांमागे एक शिकलेली टीम, पगार ग्रामपंचायतींच्या आणि जिल्हा परिषदेच्या देखभालीच्या पैशांतून. उद्घाटनाला फीत असते, देखभालीला फीत नसते, म्हणून ही पदं निघत नाहीत, एवढंच.

चौथं, धीर धरा. 'बायफ' संस्थेने जव्हार भागात वाडीचा कार्यक्रम केला, त्यातून शिकण्यासारखं आहे. आदिवासी शेतकऱ्याच्या स्वतःच्या वरकस जमिनीवर आंबा-काजूची कलमं, बांधावर जंगली झाडं, मधल्या जागेत इतर पिकं. झाड फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात, तेवढा काळ साथ द्यावी लागते. पुढे मोगऱ्याची लागवडही झाली. मोगरा रोज खुडावा लागतो, फुलं रोज बाजारात जातात, म्हणजे हातात पैसा वरचेवर येतो. भट्टीच्या सीझनमध्ये माणूस गावात राहतो तो अशा कारणाने, पोस्टर बघून नाही. चार-पाच वर्षांचं काम तीन महिन्यांच्या बॅचमध्ये कोंबता येत नाही.

पाचवं, एकच माणूस जबाबदार धरा. आज आदिवासी विकास, कौशल्य विकास, ग्रामविकास, उद्योग असे सगळे विभाग आपापल्या योजना चालवतात. एकच मुलगा चार रजिस्टरांत लाभार्थी म्हणून येऊ शकतो आणि तरी भट्टीवर असू शकतो. तालुक्याला एक अधिकारी, एक यादी. आणि संस्थेचं शेवटचं बिल बारा महिन्यांनंतर, शिमग्याला जेव्हा सगळे गावी असतात तेव्हा भरलेल्या ग्रामसभेत यादी मोठ्याने वाचून. "हा कुठे आहे? कामावर आहे का? किती मिळतात?" त्याची आई समोर बसलेली असताना खोटं नाव वाचायची हिंमत कुणाची होईल?

"पण..." म्हणणाऱ्यांसाठी

हे मी रूमवर बोलले तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला : "मुलांनी गावातच का राहायचं? आपण आलोच ना घर सोडून?" बरोबर आहे. जायला माझा विरोध नाहीच. वेल्डिंग शिकून, दर ठरवून, नको वाटलं तर दुसरीकडे जाता येईल असं जाणं वेगळं, आणि बयाण्याच्या दोरीने ओढलं जाणं वेगळं. आपण ऑफर लेटर वाचून सही करतो. त्यालाही वाचायला काहीतरी मिळावं, एवढंच मागणं आहे.

दुसरा : "सरकार कुठे नोकऱ्या देणार? इंडस्ट्री येईल तेव्हा होईल." इंडस्ट्री येतेय की! याच जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. ७६ हजार कोटींचा प्रकल्प, आणि लाखो रोजगारांचा आकडा. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, तो स्वतंत्र लेखाचा विषय. पण रोजगाराचा आकडा ऐकला की माझे प्रश्न तेच राहतात. कुणी मागितला? कुठल्या महिन्यात शिकवणार? शिकेपर्यंत घर कसं चालणार? वर्षानंतर कोण मोजणार? १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचं नाव देशभर गेलं, तेव्हापासून या भागात घोषणांना तोटा नाही. घोषणा ऐकलेली मुलं आता बाप झाली आहेत.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्या कॉलेजचा एनएसएसचा निवासी कॅम्प दरवर्षी डिसेंबरमध्ये असतो. का, तर तेव्हा परीक्षा संपलेली असते आणि हवा छान असते. पण डिसेंबरमध्ये अर्धा पाडा कुलूपबंद असतो! भेटतात ते म्हातारेकोतारे आणि लहान मुलं, आणि आपण 'युवक मार्गदर्शन' करून येतो. सरकारच्या कोर्सचं जे होतं तेच आपल्याही कॅम्पचं होतंय : वरातीमागून घोडं.

म्हणून एनएसएसच्या सरांना आणि स्टुडंट्स कौन्सिलला माझी जाहीर विनंती आहे. पुढचा कॅम्प ऑगस्टमध्ये घ्या. पाऊस असेल, चिखल असेल, जळवा असतील, फोटो चांगले येणार नाहीत. पण मुलं घरी असतील. दोन पाड्यांत बसून कुणाला काय शिकायचंय याची यादी करू, कामाच्या मागणीचे अर्ज भरून पोच घेऊ, बंद पडलेले पंप आणि सोलर मोजू. इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलवाल्यांना फायनल इयर प्रोजेक्टसाठी विषय हवेच असतात, इंटरनेटवरून कॉपी मारण्यापेक्षा हे बरे. आणि शिमग्याला पाच-सहा जण परत जाऊन तीच यादी वाचू. शिमग्याच्या सुमारास मिडसेम असते हे मला माहीत आहे. नावं देणाऱ्यांनी लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवरच्या कागदावर लिहावीत, मुलांनी मेसच्या काउंटरवर. माझं नाव मी आधीच लिहून ठेवलंय.